साडेसहाशे वॉट

आमच्याकडे लग्नाचं शूटिंग माझा नवरा करतो आणि मिक्सिंग मी करते. मिक्सिंग म्हणजे कॅमेऱ्यातला सगळा पसारा कॉम्प्युटरवर घ्यायचा, नको ते कापायचं, गाणी लावायची, नवरानवरीची नावं फुलांच्या चौकटीत उमटवायची आणि लग्नाचा सिनेमा करून पेन ड्राइव्हमध्ये घालून द्यायचा. जळगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली या कामाची आहे. खिडकीला जाड पडदा, भिंतीला लावून टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचं कॅबिनेट. लग्नसराईत नवरा घरी झोपण्यापुरता येतो, कॅमेऱ्याची कार्डं माझ्यासमोर ठेवतो आणि पुन्हा जातो. त्या लोकांना मी कधी भेटलेली नसते. पण त्यांचे चेहरे आठवडेच्या आठवडे माझ्यासमोर असतात. नवरी कुठे मनापासून हसते, कुठे ओठ चावते, हळद लावताना कोणाचा हात झटकते, हे तिच्या सासरच्यांच्या आधी मला कळतं.

ही नवरी बोदवडकडच्या एका खेड्यातली होती, दिली होती धुळ्याला. लग्न वैशाखात झालं. उन्हाने मांडवातली माणसं अर्धमेली झालेली, आणि ही मात्र सगळ्यांना हुकूम सोडत फिरत होती. कॅमेऱ्यासमोर लाजणं वगैरे तिला जमतच नव्हतं. माझा नवरा म्हणालासुद्धा, "हिचं मिक्सिंग करायला मजा येईल तुला."

मजा राहिली बाजूला, कॉम्प्युटरनेच छळ मांडला. त्या हिवाळ्यात नवऱ्याने नवा कॅमेरा घेतला होता. त्याच्या फाइली जुन्या मशीनला पेलेनात म्हणून आम्ही नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. बाकी सगळं जुनंच. थंडी होती तोवर चाललं. उन्हाळा लागला आणि ते पडायला लागलं. मी काम करत बसले की ठीक असायचं. एक्सपोर्टला लावलं, म्हणजे तयार झालेला सिनेमा एकसंध करून बाहेर काढायला सांगितलं, की थोडा वेळ पंखे जोरात फिरायचे आणि टक्कन आवाज होऊन सगळं बंद. ना काही सूचना, ना निळा पडदा. एखाद्याने बटण बंद करावं तसं.

मी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून पुन्हा बसवल्या. नवऱ्याने विंडोज नव्याने टाकलं. मग कोणी सांगितलं म्हणून स्टॅबिलायझर आणला, कारण मे महिन्यात आमच्या भागात दुपारचा व्होल्टेज इतका खाली जातो की ट्यूबलाइटसुद्धा डोळे मिचकावते. दोन-चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. पुढे पुढे तर नुसतं बघायला लावलं तरी पडायला लागलं. लग्नं साठत गेली.

ज्येष्ठ सरत आला होता. एका दुपारी नवऱ्याला फोन आला. तो ऐकत राहिला, "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवून बराच वेळ बॅगेतल्या वायरी गुंडाळत बसला. मग म्हणाला, "बोदवडवाली नवरी गेली."

"कुठे?" मी विचारलं.

त्याने हातातली वायर खाली ठेवली, तेव्हा मला कळलं.

धुळ्याला सासरी, भर दुपारी, ती चालू कूलरमध्ये पाइपने पाणी भरत होती. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय. खानदेशात दर उन्हाळ्यात पेपरात अशी एखादी बातमी असतेच. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. माझ्या स्क्रीनवर त्या वेळी तिचीच हळद उघडी होती. कपाळावरून हळद ओघळून डोळ्यात जाते म्हणून एक डोळा मिटून ती कोणाला तरी रागावत होती, आणि तिथेच मी चित्र थांबवून ठेवलं होतं. मी ते बंद केलं. पुढे कितीतरी दिवस ते फोल्डर उघडलं नाही.

आषाढात तिचे वडील आले. दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा होता, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल, हातात कापडी पिशवी.

"शूटिंगवाल्याचं घर हेच का?"

"हेच. पण ते कामाला गेलेत. काय काम होतं आबा?"

"मी त्या पोरीचा बाप," ते म्हणाले. कोणत्या पोरीचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आत येऊन खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "ताई, सीडी झाली का?"

मी सांगितलं की अजून झाली नाही, मशीन बिघडलंय. त्यांनी मान हलवली. "जेवढं हाये तेवढं दाखवा मले. मी पाह्यतो आन् जातो. तिच्या मायले माहीत नही मी आठी आलो ते."

मला नको वाटत होतं. पण नाही कसं म्हणणार? मी फोल्डर उघडलं आणि हळदीच्या आधीचा भाग लावला. मांडवाच्या खांबाशी ते स्वतःच उभे होते, पाहुण्यांशी बोलत. ती बाजूने आली, थबकली आणि म्हणाली, "आबा, टोपी नीट करा ना. शूटिंग चालू हाये." पडद्यावरच्या आबांनी टोपी नीट केली. खुर्चीतल्या आबांचाही हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

थोडं पुढे गेलं, पंखे घरघरले आणि स्क्रीन काळी झाली.

"लाइट गेली का?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. लाइट आहे. हेच बंद पडतं."

"मंग पुन्हा लागन?"

"लागेल. पण पुन्हा पडेल."

ते टेबलाखालच्या कॅबिनेटकडे बघत राहिले. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा टोपीपर्यंत आलं, पुन्हा पुढे जाऊन पडलं. त्यांनी विचारलं, "याच्यात ती जी हाये, ती तर जानार नही?" मी सांगितलं की तिचं सगळं वेगळ्या डिस्कवर आहे, त्याची एक प्रत कपाटातही आहे, त्याला काही होणार नाही. तरी त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

"दुरुस्त कुठी होते हे?"

"बाजारात एक दुकान आहे. नवरा आला की नेईल."

"आताच नेऊ ना. मी धरतो." मी काही म्हणायच्या आत ते वायरी काढायला खाली वाकले. मी त्यांना थांबवून नीट वायरी काढल्या. कॅबिनेट त्यांनी खांद्यावर घेतलं. कापसाचं गाठोडं याच्यापेक्षा जड असते, म्हणाले. रिक्षात ते मांडीवर घेऊन बसले, दोन्ही हातांनी घट्ट धरून.

दुकानदार आमच्या ओळखीचा. चाळिशीचा, बोलका माणूस. त्याने मशीन टेबलावर घेतलं, मी काय काय केलं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, बंद पडतं ते काम जोरात असतानाच ना?"

"हो."

"मग रॅम नाही, विंडोज नाही. एसएमपीएस." भिंतीतला करंट घेऊन मशीनच्या प्रत्येक भागाला त्याच्या मापाने वाटून देणारा तो डबा. त्याने बाजूच्या मशीनचा डबा उघड्यावरच माझ्या मशीनला जोडला आणि जड काम चालवायला दिलं. पंखे घोंगावले, घोंगावत राहिले. पडलं नाही. मग जुना डबा पुन्हा जोडला. थोड्या वेळात टक्.

"बघा. यावर साडेचारशे वॉट लिहिलंय, पण लिहायला काय जातं? नवा होता तेव्हाही तेवढे देत नसेल. आता म्हातारा झालाय. आणि तुम्ही त्याच्यावर हे कार्ड बसवलं. कार्ड एकदम ओढतं. त्याला झेपत नाही."

त्याने माझ्यासमोर दोन खोकी ठेवली. एकावर साडेसातशे लिहिलेलं, एकावर साडेसहाशे. साडेसातशेवालं स्वस्त होतं. मी साहजिकच ते उचललं. "आता दुसरं उचला," तो म्हणाला. दुसरं चांगलंच जड होतं. "आत तांबं आहे, लोखंड आहे, म्हणून जड आहे. ते हलकं आहे ते नुसतं नावाला साडेसातशे. आपल्या जळगावच्या उन्हात निम्मंही देणार नाही. आणि पाचशेचं चांगलं घेतलं तर आज चालेल, पुढच्या मेमध्ये पुन्हा माझ्याकडे याल." मी कार्डाच्या खोक्याचा फोटो मोबाइलवर शोधला, त्यावर किमान साडेपाचशे लिहिलं होतं. वर थोडी जागा हवी, उन्हासाठी आणि उद्या आणखी काही बसवलं तर. साडेसहाशेवालं घ्यायचं ठरवलं.

तो जुना डबा काढत होता. काढता काढता त्याने विचारलं, "घरी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का?"

येत होत्या. उघड्या पायाने बसले तर जास्त. मला त्याची सवय झाली होती.

"अर्थिंग नाही तुमच्याकडे. करून घ्या. हा नवा डबा चांगला आहे, आत काही गडबड झाली, करंट जास्त ओढला गेला, तर स्वतःच बंद होईल, बाकीच्यांना जाळणार नाही. पण तो मशीनला वाचवतो. माणसाला नाही."

आबा इतका वेळ बाकावर बसून होते. ते म्हणाले, "कूलरले असं काही नसते का?"

दुकानदाराला त्या मुलीचं काहीच माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होते, पण तो स्क्रू फिरवत होता. "कूलरला नाही आबा, घराच्या बोर्डाला बसतं. गळती झाली, कोणाला शॉक लागला, की पापणी लवायच्या आत लाइट तोडतं. पुढच्या गल्लीत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल."

"केवढ्याले?"

"साध्या कूलरच्या पाव किमतीत येईल. पण बसवतंय कोण? लोक कूलर घेतात, हे कोणी घेत नाही."

आबांनी रुमालाने तोंड पुसलं. पुसून झाल्यावरही रुमाल तोंडाशीच होता. मी दुकानदाराला डोळ्यांनी खूण केली. त्याला ती कळली नाही, पण तो पुन्हा स्क्रूकडे वळला.

बाहेर आल्यावर मी रिक्षा थांबवली तर आबा म्हणाले, "तुम्ही बसा यात. मी आलोच." पुढच्या गल्लीतून परत आले तेव्हा पिशवीत एक खोकं होतं. मला वाटलं, स्वतःच्या घरासाठी घेतलं असेल.

घरी मशीन जोडलं. हळदीचा पूर्ण भाग चालला. आबा खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. निघताना म्हणाले, "गाणी टाकू नका. जसं हाये तसंच करा."

तसंच केलं. मिक्सिंगच्या माझ्या आयुष्यात मी तेवढं एकच लग्न बिनगाण्याचं केलं. गाणी टाकली की कॅमेऱ्याने टिपलेला खरा आवाज आपण बंद करून टाकतो. तो आवाज किती असतो ते मला तेव्हा कळलं. भांड्यांचा, जनरेटरचा, लांबच्या बँडचा, कोणीतरी कोणाला तरी सारखं हाका मारण्याचा. आणि त्या सगळ्यात तिचा. "मावशी, बसून घ्या." "हे कोनी ठेवलं आठी?" मी कानाला हेडफोन लावून तिची वाक्यं वेचत बसायचे. नवीन डबा शांतपणे चालायचा. कधी कधी मला वाटायचं, पडावं याने, म्हणजे थांबता येईल. पडत नव्हता. संपूर्ण सिनेमा एका बैठकीत बाहेर आला.

त्याच दिवसांत आम्ही घराचं अर्थिंग करून घेतलं. मागच्या बोळात खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं, आणि बोर्डाला ते यंत्रही बसवलं.

आबा पेन ड्राइव्ह न्यायला आले तेव्हा नवरा घरी होता. दुसऱ्या दिवशी त्याला एका सत्काराच्या शूटिंगसाठी धुळ्याला जायचं होतं, मदतीला कोणी नव्हतं म्हणून मीही जाणार होते. ते ऐकून आबांनी पिशवीतून खोकं काढलं. तेच, इलेक्ट्रिकच्या दुकानातलं. "मले न्या सोबत. जावयाच्या घरी हे द्याचं हाये."

नवरा म्हणाला, "आबा, आता कशाला?"

"तठी तिची नणंद हाये. माह्या पोरीयेवढीच. आता पानी तीच भरत असन."

रात्री ते आमच्याकडेच थांबले आणि सकाळी आमच्या व्हॅनमध्ये मागे बसले. एरंडोल, पारोळा मागे पडलं. धुळ्यात एका जुन्या वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी व्हॅन उभी केली. आबा मला म्हणाले, "तुम्ही चला. बायामानूस सोबत असलं म्हंजे बरं."

घर लहान होतं, नीटनेटकं. कूलर जिथे असेल ती जागा मी ओळखली, खिडकीखाली फरशीवर चौकोनी गंजाचा डाग होता. जावई घरातच होता. मी त्याला महिनाभर नवरदेवाच्या वेशात पाहिलेलं, आता दाढी वाढलेली. तो आबांच्या पाया पडला आणि तसाच भिंतीशी उभा राहिला. सासू चुलीकडून पदराला हात पुसत आली. आबांनी खोकं पुढे केलं आणि ते काय आहे ते सांगितलं.

सासूचा चेहरा बदलला. आम्ही मुद्दाम केलं का, असं ती अहिराणीत विचारायला लागली. "म्हंजे आमनी चूक शे का? आम्ही काय जाणीसन करं का? बठ्ठी गल्ली तेच म्हनस, आते तुम्ही बी."

"मी भांडाले नही आलो," आबा म्हणाले. "चूक कोनाची बी नही. हे बसवून घ्या, येवढंच म्हनतो."

"आमनी सून गयी. आमले दुःख नही का?"

"हाये. मले माहीत हाये."

आतल्या दाराशी नणंद उभी होती. ती सगळं ऐकत होती, पण पुढे आली नाही. जावयाने आबांच्या हातून खोकं घेतलं. मग तो फळीवर जागा करून खोकं ठेवायला वळला, आणि पाठमोराच रडायला लागला. आबा उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि आम्ही निघालो. चहा झाला नाही. कोणी विचारला असता तर आम्हीही घेतला नसता.

जावयाने ते बसवलं. त्याने आबांना फोन करून सांगितलं, आणि आबांनी नवऱ्याला. पण पुढच्याच आठवड्यात आबांचा दुसरा फोन आला. ते यंत्र टिकेना. बसवल्यापासून दर थोड्या वेळाने पडायचं आणि घरात अंधार व्हायचा. वायरमनने सांगितलं, यंत्र चांगलं आहे, घरातली वायरिंगच गळते आहे. म्हणून ते आपलं काम करतंय. सगळी वायरिंग बदलायला हवी. आणि तोपर्यंत? तोपर्यंत त्याने ते काढून बाजूला ठेवलं आणि लाइट थेट जोडून दिली. वायरिंग दिवाळीनंतर बघू, असं घरच्यांनी ठरवलं.

"म्हंजे भिंतीतच व्हतं ते," आबा नवऱ्याला फोनवर म्हणाले. "ती गेली तवापासून तसंच हाये. आन् ते लोक तठीच झोपतात." फोन ठेवल्यावर नवरा मला म्हणाला, "त्यांना आता काय सांगू?"

दिवाळी गेली. त्यानंतर आबांचा फोन आला नाही. आम्हीही केला नाही, करून बोलायचं काय?

मी बाहेरचंही काम घेते. धुळ्याचे, भडगावचे शूटिंगवाले मला कार्डं पाठवतात. पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या एकाने एक छोटं लग्न पाठवलं. देवळातलं, मोजक्या माणसांचं. मी फाइली उघडल्या आणि नवरदेव ओळखला. खात्री करायला जुनं फोल्डर उघडावं लागलं नाही. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. मागच्या वेळी बघत होता.

गृहप्रवेशाचा भाग आला. तोच दरवाजा, तीच खोली. भिंतीवरून पांढऱ्या नव्या पट्ट्या गेलेल्या, त्यांतून नवी वायर, आणि दाराच्या वर नवा बोर्ड. मी चित्र थांबवून मोठं केलं. बोर्डात ते यंत्र होतं. नव्या नवरीने माप ओलांडलं तेव्हा तिची नजर खाली होती, तिला ते दिसलं नसणार.

मी काम सुरू ठेवलं. शूटिंगवाल्याने गाण्यांची यादी पाठवली होती, ती गाणी टाकली.

ते मिक्सिंग चालू असतानाच एका दुपारी आबा आले. जळगावला दवाखान्याचं काम होतं, म्हणून वाकडी वाट करून आलो, म्हणाले. अंगाने आणखी उतरले होते. मी घाईने स्क्रीन बंद केली. मग मलाच ते बरं वाटलं नाही, म्हणून सांगितलं, "आबा, जावयाचं लग्न झालं."

"माहीत हाये. त्याचा फोन आल्ता. परवानगी मागत व्हता." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी कोन परवानगी देनारा?"

"वायरिंग नवी केलीय त्यांनी. मी पाहिलं. ते यंत्रही बसवलंय."

"तुमच्या डोयांनी पाह्यलं?"

"हो. लग्नाच्या शूटिंगमध्ये दिसतं."

पंख्याच्या वाऱ्याने त्यांच्या खांद्यावरचा रुमाल हलत होता. "माही पोर व्हती तवा नही केली," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण असं ते पहिल्यांदाच बोलले. मग मान हलवून म्हणाले, "बरं केलं. हीबी कोनाची पोर असन."

मी विचारलं, घरी तिच्या आईने पेन ड्राइव्ह पाहिला का. नाही, म्हणाले. टीव्हीला लावायला काढला की ती उठून मळ्यात जाते. त्यांनी स्वतःही पुन्हा पाहिला नव्हता.

चहा नको म्हणाले. गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं आणि परत येऊन स्क्रीन लावली. धुळ्याचं लग्न संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.